पाच सेंटिमीटरची सावली

२० जून, शुक्रवार. कैरीच्या फोडी उलटायच्या होत्या. मीठ-हळद लावून तीन दिवस त्या गच्चीवर जुन्या साडीवर पसरल्या होत्या. दुपारी बाराच्या सुमाराला एकदा उलटल्या की मग संध्याकाळपर्यंत बघावं लागत नाही. दाना ओली भागातल्या आमच्या घराला चारी बाजूंनी दुसऱ्यांच्या गच्च्या लागून आहेत. माकडं येतात, म्हणून काठी हाताशी ठेवावी लागते. डोक्यावर ओला पंचा होता, पायात चप्पल होती, तरी तळवे भाजत होते. जूनमध्ये ग्वाल्हेरला भर दुपारी गच्चीवर कुणी हौसेने जात नाही.

साडी वाऱ्याने उडू नये म्हणून तिच्या टोकावर वीट ठेवली होती, कपड्यांच्या दोरीच्या लोखंडी पाइपाजवळच. पाइप माझ्यापेक्षा उंच. त्याची सावली आखडत आखडत विटेच्या कडेला येऊन टेकली होती. कालही याच वेळेला तिथेच टेकली होती, परवाही. दोन दिवस मी ती पाहिली आणि खाली निघून गेले. त्या दिवशी थांबले, कारण दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेत ‘शून्य सावली दिवस’ होता.

फोडी उलटत मी सावलीवर नजर ठेवली. आता ती आणखी आखूड होईल, पाइपाच्या बुडाशी जाऊन नाहीशी होईल असं वाटत होतं. झालं भलतंच. विटेच्या कडेवरून ती हळूच पूर्वेकडे सरकली आणि लांबायला लागली. सर्वात आखूड होती तेव्हाही पाच बोटं उरलीच होती. तीन दिवस एकाच जागी येऊन परत फिरणारी सावली चौथ्या दिवशी एकदम शून्य कशी होणार, हा प्रश्न काही मोठ्या विद्वानाचा नव्हता. मी सहावी ते आठवीला गणित शिकवते. मला एवढं पुरलं. काठी तिथेच टाकून मी खाली आले आणि फोन लावला.

फोन लावला तो पुतण्याच्या बायकोला. ती मूळची पुण्याची. लग्न होऊन ग्वाल्हेरला आली, आमच्याच शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवायला लागली. घरी मला काकू म्हणते, शाळेत मॅडम. मी दोन्हीकडे ‘अगं’ म्हणते. कार्यक्रम तिचाच होता. पुण्यातल्या तिच्या शाळेत दर मे महिन्यात मुलांना गच्चीवर नेऊन हा खेळ दाखवत. दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, पेला, बाटली, खांब, कशाचीही सावली बाजूला पडत नाही, वस्तूच्या खालीच दडते. मुलं वेडी होतात म्हणे. तिने तो इथे करायचा प्रस्ताव दिला आणि समितीने उचलून धरला.

समितीने उचलून धरला याला कारण होतं. आमची शाळा मराठी मंडळींनी काढलेली. आता मुलं बहुतेक हिंदी घरांतली, वर्ग हिंदीत चालतात, पण समितीच्या बैठका अजून मराठीत होतात आणि पुण्याहून आलेल्या कुठल्याही गोष्टीला तिथे दोन गुण जास्त मिळतात. आमच्या घरांतून कॅलेंडर तिकडचं, मसाला तिकडचा, जमलं तर सूनही तिकडची. अध्यक्ष निवृत्त वकील. पणजोबा दरबारात होते हे समोरच्याला पाच मिनिटांत कळवतात. त्यांनी स्वतः निमंत्रणं केली, एका वार्ताहराला बोलावलं, फलक लिहून घेतला.

आणि मुख्य गोष्ट निराळीच होती. पुतण्याची बायको दोन वर्षं कच्च्या नेमणुकीवर होती. पुण्यातली कायमची नोकरी सोडून आली होती. शनिवारी कार्यक्रम झाला की समिती तिथेच बसणार आणि तिला कायम करायचं की जागेची जाहिरात काढायची ते ठरवणार होती. मुख्याध्यापिकांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं की कार्यक्रम चांगला झाला तर काम सोपं होईल.

फोनवर मी एवढंच म्हटलं की ताबडतोब ये. ती सिटी सेंटरला राहते. तोंडाला ओढणी गुंडाळून, स्कूटीवरून त्या उन्हात आली. मी तिला पाणी दिलं आणि गच्चीवर काय पाहिलं ते सांगितलं. ती आधी हसली. म्हणाली, काकू, पाइप वाकडा असेल.

पाइप वाकडा नव्हता. मी गवंड्याकडून गेल्याच वर्षी तो ओळंब्याने लावून घेतला होता. पण वाद घालण्यापेक्षा मी माळ्यावरून मुलाच्या वेळचा नकाशांचा जाड पुठ्ठ्याचा संच काढला आणि भारताचं पान तिच्यापुढे उघडलं.

तिचा हिशेब काय होता ते तिने मला आधी सांगितलं. पुण्याला सूर्य डोक्यावर येतो मेच्या मध्यावर. नागपूरला त्यानंतर काही दिवसांनी. भोपाळला जूनच्या मध्यावर. जसजसं उत्तरेला जावं तसतशी तारीख पुढे. मग ग्वाल्हेरला एकवीस जून, वर्षातला सर्वात मोठा दिवस. तिला वाटलं होतं की गाडी एकेक स्टेशन घेत वर येते आहे, तर इथेही येणारच.

मी नकाशावर कर्कवृत्ताच्या तुटक रेषेवर बोट ठेवलं. ती भोपाळच्या किंचित वरून जाते. ग्वाल्हेर तिथून खूप वर. त्या रेषेच्या वर सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. एकवीस जूनला त्या रेषेपर्यंत पोचतो आणि तिथूनच परत फिरतो. पृथ्वीचा अक्ष जेवढा कलला आहे तेवढीच त्याची मजल. हे सगळं पाचवीच्या भूगोलात आहे. आणि ती स्वतः विज्ञान शिकवते.

तिने बोट उचलून एकदा पुण्यावर ठेवलं, एकदा ग्वाल्हेरवर.  मग म्हणाली, “माझ्या डोक्यात पुणंच होतं, काकू. मी इथे राहते हे मी धरलंच नाही.”

मी तिला दोष दिला नाही, कारण प्रस्ताव आला तेव्हा मीही त्या बैठकीत होते. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मला तिथे बसावं लागतं. दहा-बारा शिकलेली माणसं होतो आम्ही, जन्म ग्वाल्हेरात गेलेली, आणि पुण्यात होतं म्हणजे इथे होणारच, असं सगळेच धरून चाललो.

तिने नवऱ्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला. माझा पुतण्या इथेच जन्मला, वाढला. त्याचं मराठी दुसऱ्या वाक्याला हिंदीत शिरतं. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, “अगं, पण सावली आहे किती? पाच बोटं? किसको दिखेगा यार. एवढ्या उन्हात कोण वाकून बघणार आहे?”

“नववीची मुलं बघणार आहेत,” मी म्हटलं. “प्रत्येकाला काठी आणि पट्टी आणायला सांगितली आहे.”

“तर पट्टी नका आणू सांगा ना, काकू.”

 फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली की हा कार्यक्रम रद्द करता येईल का ते मुख्याध्यापिकांना विचारावं. मी म्हटलं, आत्ताच जाऊ.

मुख्याध्यापिका मुरारला राहतात. ऊन जरा उतरल्यावर, पाचच्या पुढे, आम्ही स्कूटीवरून निघालो. ती चालवत होती, मी मागे बसले होते. रस्त्यात ती दोनदा चुकीच्या ठिकाणी वळली. एरवी ती फार सांभाळून गाडी चालवते.

मुख्याध्यापिका वाईट बाई नाहीत. त्यांच्या डोक्यावरचा भार मला ठाऊक आहे. शाळेत पहिलीला मुलं कमी होत चालली आहेत, शेजारची मोठी शाळा बसगाड्या पाठवून मुलं नेते, आणि वर्तमानपत्रात फोटो आला की चार चौकश्या जास्त येतात. त्यांनी आमचं सगळं शांतपणे ऐकलं, नकाशा पाहिला, चहा मागवला. मग रद्द करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही असं सांगितलं. अध्यक्षांनी माणसं बोलावली आहेत. सकाळी योग दिनासाठी मुलं येणारच आहेत, त्यांनाच दुपारपर्यंत थांबवायचं आहे. फलक लागला आहे.

तिने विचारलं, “मग मी माइकवर काय सांगू, मॅडम?”

त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी शब्दशः लिहिते, कारण ते ऐकताना माझा कप हातातच राहिला होता. “काठ्या नकोत. पितळी लोटा ठेवा मधोमध. त्याचं पोट मोठं असतं, थोडीफार सावली असली तरी पोटाखालीच राहते. टाळ्या होतील, फोटो होतील, मुलं घरी जातील. यात खोटं तुम्ही काहीच बोलत नाही.”

हे बरोबर होतं, हाच त्यातला वाईट भाग. लोट्याने काम झालं असतं. मी तिथेच मनात हिशेब केला. एवढ्या बारीक कोनाची सावली लोट्याच्या पोटाखालून बाहेर डोकावलीच नसती. कुणालाही काही कळलं नसतं. आणि नववीतली चाळीसेक पोरं ग्वाल्हेरला सूर्य डोक्यावर येतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घरी गेली असती, आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं माणूस सोडत नाही.

मी हे म्हटलं. मुख्याध्यापिका माझ्याकडे न बघता तिलाच म्हणाल्या की निर्णय तुमचा, पण दुपारी समिती आहे हे ध्यानात असू द्या. शिवाय अध्यक्षांना आदल्या संध्याकाळी फोन करून हे सांगायचं नाही, त्यांना ब्लडप्रेशर आहे.

परत येताना मी तिला काही विचारलं नाही. दारात मला सोडताना ती म्हणाली, “तुम्ही माझ्या जागी असता तर?” मी म्हटलं की मी तुझ्या जागी नाही, मला कायम होऊन वीस वर्षं झाली, तेव्हा माझ्या उत्तराला काही किंमत नाही. हे कठोर वाटलं असेल. पण खरं होतं. तिने मान हलवली आणि गेली.

शनिवारी सकाळी सातला मैदानावर योग झाला. नंतर मुलांना केळी दिली, वर्गांत पंख्याखाली बसवलं. अकरापासून लू सुटली, अंग भाजणारा वारा. मैदानाच्या मधोमध मी स्वतः खडूने उत्तर-दक्षिण रेषा आखून दिली होती. धूळ उडून ती दर थोड्या वेळाने पुसत होती. भिंतीवर निळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत ‘शून्य छाया दिवस’. फलकाखाली स्टूल, स्टुलावर पितळी लोटा, चिंचेने घासून लख्ख केलेला. तो शिपायाने कुणाच्या सांगण्यावरून आणला हे विचारायची गरज नव्हती. स्टुलाशेजारी तिने आणलेली काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. बरोबर एक मीटरची.

पावणेबाराला मुलांना मैदानावर आणलं तेव्हा मी पन्ह्याच्या पिंपाजवळ उभी होते. मुलांना ओले रुमाल डोक्यावर घ्यायला लावणं, कुणाला चक्कर येते का बघणं हे माझं काम. तिथून मला काठी आणि लोटा दोन्ही दिसत होते. ती दोन्हींच्या मध्ये उभी होती. साधी सुती साडी, कपाळावर घाम, हातात माइक. सकाळपासून ती माझ्याशी तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलली नव्हती. ती काय करणार हे मला खरोखर माहीत नव्हतं.

आमच्या घड्याळातले बारा म्हणजे ग्वाल्हेरचे बारा नव्हेत. देशाची वेळ आपल्यापेक्षा बऱ्याच पूर्वेकडच्या रेषेवरून धरतात, म्हणून इथली खरी मध्यान्ह घड्याळात बारा वाजून गेल्यावर सतरा-अठरा मिनिटांनी येते. हे तिने मुलांना आठवडाभर आधी शिकवलं होतं. त्यामुळे बारा वाजले तशी पाहुणे मंडळी उठून उभी राहिली आणि मुलं बसूनच राहिली. अध्यक्ष पाहुण्यांसाठी घातलेल्या मंडपातून म्हणाले, “बाई, झालं की. बारा वाजले.” पहिल्या रांगेतली एक मुलगी त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, “सर, अभी हमारे बारह नहीं बजे.” मुलं हसली. अध्यक्ष हसले नाहीत.

मग वाट पाहणं सुरू झालं. पाहुण्यांना ताक दिलं गेलं. वार्ताहर सावलीत उभा राहून मोबाइल बघत होता. मुख्याध्यापिका उठून तिच्याजवळ गेल्या, लोटा स्टुलावरून उचलला आणि खडूच्या रेषेवर, बरोबर मधोमध नेऊन ठेवला. परत येताना माझ्या शेजारून गेल्या, पण थांबल्या नाहीत. लोट्याच्या आसपास सावली नव्हतीच म्हणावी इतकी कमी दिसत होती. दोन पाहुणे खुर्चीतून पुढे वाकले. एकाने टाळी वाजवायला हात वर घेतलेही.

ती रेषेपाशी आली. वाकली. लोटा उचलला आणि बाजूला, रेषेपासून दूर नेऊन ठेवला. मग भिंतीशी जाऊन काठी आणली, रेषेवर आधीच करून ठेवलेल्या खड्ड्यात उभी केली, ओळंबा लावून सरळ केली. 

माइक तोंडाजवळ घेतला तेव्हा पहिलं वाक्य तिला नीट आलं नाही. खाकरून परत म्हणाली. हिंदीत म्हणाली, कारण मुलं हिंदी. नंतर समितीकडे वळून मराठीत. फलकावर जे लिहिलं आहे ते ग्वाल्हेरला होत नाही. आज नाही, कुठल्याच दिवशी नाही. चूक माझी आहे. पुण्यात होतं ते इथेही होईल असं मी धरलं. आता आपण सगळे मिळून पाहू या की ग्वाल्हेरला काय होतं. मुलांनी आपापल्या काठ्या लावाव्यात.

अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा चेहरा आधीच उन्हाने लाल होता. “म्हणजे आम्ही लोकांना खोटं सांगून बोलावलं?” त्यांनी विचारलं.

मला वाटलं, आता संपलं. ती गडबडेल, रडेल. तिने अध्यक्षांकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, संकष्टीला तुम्ही चंद्रोदयाची वेळ कुठून बघता?”

ते चक्रावले. म्हणाले, कॅलेंडरवरून.

“आणि त्याच वेळेला गच्चीवर जाता?”

हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदय मुंबईचा छापलेला असतो. इथे चंद्र त्याच्या आधीच उगवतो, म्हणून आम्ही आधीच गच्चीवर जातो. कुणी हे शाळेत शिकलेलं नाही. उपाशी पोटाने शिकलेलं आहे. अध्यक्षांचा तर संकष्टीचा उपास कधी चुकत नाही.  ते तुटकपणे म्हणाले, “आधीच जातो. ते मुंबईचं असतं.”

“तसंच हे पुण्याचं होतं, सर,” ती म्हणाली.

मागच्या खुर्च्यांवरून एक म्हातारे गृहस्थ जोरात हसले आणि म्हणाले की चंद्राचं आपण दुरुस्त करून घेतो, सूर्याचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही. त्यावर आणखी दोघं-तिघं हसले. अध्यक्ष बसले. खूश होऊन बसले असं मी म्हणणार नाही. पण बसले.

त्यानंतरची काही मिनिटं मुलांची होती. चाळीस काठ्या मैदानभर उभ्या राहिल्या, काही तिरक्या, एक-दोन पडल्या. जो तो जमिनीवर पालथा पडून पट्टी लावत होता. धूळ, घाम, ओरडा. “मॅम, मेरी तो पाँच आ रही है!” “मेरी डेढ़!” “तेरी लकड़ी छोटी है, इसलिए.” यावर ज्याची काठी तीस सेंटिमीटरची होती तो आणि ज्याची काठी मीटरची होती तो यांच्यात वाद सुरू झाला, आणि सावली बदलली तरी सावली आणि काठी यांचं प्रमाण तेच राहतं हे त्यांनी एकमेकांना ओरडून समजावलं. मी गणितात जे तीन तासांत कष्टाने शिकवते ते तिथे आपसूक झालं. सावल्या सगळ्यांच्या उत्तरेकडे. म्हणजे सूर्य डोक्याच्या दक्षिणेला. वर्षातल्या सगळ्यात उंच सूर्यही.

मग तिने फळ्यावर काठी आणि सावलीचा त्रिकोण काढला. कोन तीन अंशांच्या आतला आला. नकाशावर एक अंश म्हणजे साधारण एकशे अकरा किलोमीटर. मुलांनी गुणाकार केला आणि कर्कवृत्त आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या थोडं पुढे, दक्षिणेला आहे, असं उत्तर आलं. काठी आणि पट्टी, एवढ्यावर. नकाशावर मोजलं तर फरक फार नव्हता. वार्ताहर आता सावलीतून बाहेर आला होता. त्याने पालथ्या पडलेल्या मुलांचे फोटो काढले. लोट्याचा काढला नाही.

दोन मुलींना गरगरलं, त्यांना मी आत नेऊन पाणी पाजलं. एक वाजायच्या आत सगळ्यांना घरी सोडलं.

समिती कार्यालयात बसली. विषय नात्यातला म्हणून मला बाहेर थांबायला सांगितलं, ते योग्यच होतं. आम्ही दोघी व्हरांड्यात बाकावर बसलो. आत पंखा होता, बाहेर नव्हता. अध्यक्षांचा आवाज मधूनमधून चढत होता, शब्द कळत नव्हते. तिने बाकाच्या कडेला नखाने रंग खरवडायला सुरुवात केली. मी तो हात धरून खाली ठेवला. शाळेचं लाकूड आहे.

बराच वेळ लागला. शेवटी मुख्याध्यापिका बाहेर आल्या. निर्णय असा की जाहिरात निघणार नाही. पण कायमही नाही. आणखी एक वर्ष आहे तशीच नेमणूक, कारण कार्यक्रमाची माहिती समितीला वेळेत आणि अचूक दिली गेली नाही. अध्यक्ष म्हणाले म्हणे, मुलगी धीट आहे, पण धीटपणा आदल्या दिवशी दाखवायचा. त्यांना फोन करायचा नाही असं आदल्या संध्याकाळी कुणी सांगितलं होतं, ते समितीत कुणी बोललं नसावं. मी मुख्याध्यापिकांकडे पाहिलं. त्यांनी डोळे वळवले.

ती म्हणाली, “एक वर्ष ठीक आहे.” आवाज स्थिर होता. पर्स उचलून घरी गेली. तिला रडायचं असेल तर ती घरी रडली असेल.

मुख्याध्यापिका मला थांबवून बोलल्या. सोमवारपासून नवं वेळापत्रक लागू करायचं आहे आणि ते दरवर्षी मीच करते. त्यांनी सुचवलं की या वर्षी तिला नववी-दहावी नको, सहावी-सातवीचं विज्ञान द्या, म्हणजे वातावरण निवळेल. साधी गोष्ट असल्यासारखं म्हणाल्या. साधी नव्हती. कायमची जागा माध्यमिकची आहे. नववी-दहावीला न शिकवणाऱ्या शिक्षकाला त्या जागेवर कायम करताच येत नाही. सहावी-सातवी दिली की पुढच्या जूनमध्ये समितीपुढे विषयच राहत नाही, आणि कुणाला नाही म्हणावंही लागत नाही.

मी विचारलं, “हे लेखी द्याल का?”

त्या म्हणाल्या, लेखी कशाला, आपसातली गोष्ट आहे. सोमवारी बोलू.

मी बरं म्हटलं आणि घरी आले.

रविवारी सकाळी पाचला उठले, चहा घेतला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर वेळापत्रक मांडायला बसले. दुसऱ्या विज्ञान शिक्षकांचे तास आधीच भरलेले होते. नववी आणि दहावी त्यांना देता आली नसती असं नाही, पण त्यासाठी दोन वर्गांचं गणित दुपारच्या शेवटच्या तासाला टाकावं लागलं असतं, आणि मुलांच्या दृष्टीने ते चूक होतं. हे कारण पुरेसं होतं. मला दुसरं लिहायचं नव्हतं. नववी विज्ञान, दहावी विज्ञान, दोन्ही तिच्या नावावर घातले, प्रात्यक्षिकाच्या तासांसकट. खाली लिहिलं की बदल सुचवायचा असल्यास कारणासह लेखी कळवावा. मग शिक्षकांच्या ग्रुपवर पाठवलं, अध्यक्षांनाही वेगळं पाठवलं, आणि मुख्याध्यापिकांचा फोन यायच्या आत भाजी आणायला बाहेर पडले.